बर्फाला हात लावल्याशिवाय

अस्वलांना मराठी पाढे ऐकवणारा माणूस अख्ख्या अमेरिकेत एकच असेल, आणि तो माझ्या बायकोच्या मैत्रिणीचा सासरा आहे. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. काकांनी जन्मभर ओहायोत पूल बांधले. निवृत्त झाल्यावर इतर लोक परसात टोमॅटो लावतात. काकांनी अलास्काच्या सहली काढायला सुरुवात केली. उन्हाळ्यात आमच्या ओहायोतल्या डब्लिन गावात मुलांकडे आलेले आणि तिसऱ्याच आठवड्यात खिडकीत बसून कंटाळलेले आईवडील ते हेरतात, आणि त्यांना हिमनदी दाखवून आणतात. चोख गाइड आहेत, पण त्यांच्या हाती सापडलेल्या माणसाला स्वतःचं मत उरत नाही.

गेल्या जुलैत माझी आई पुण्याहून आली होती, म्हणून मीही त्या सहलीत सापडलो. पहाटे पाचला हॉटेलच्या दारावर धडाधडा थापा पडल्या. "सूर्य उठलाय, तुम्ही काय झोपलाय?" आता तिथला सूर्य उन्हाळ्यात जेमतेम डुलकी काढतो. काकांच्या हिशेबाने चाललं तर माणसाने थेट ऑक्टोबरात आडवं व्हावं. आम्ही डोळे चोळत बाहेर आलो, तर काका माकडटोपी, गळ्यात शिट्टी आणि हातात काठी अशा थाटात उभे. मग नियम सांगण्यात आले. ट्रेलवर खायचं काहीही न्यायचं नाही, कारण अस्वलाचं नाक तिखट असतं. फूल, दगड, काटकी काही उचलायचं नाही. इथलं इथेच राहिलं पाहिजे. आणि शेवटचा, सगळ्यात मोठा नियम: बर्फाला हात लावल्याशिवाय माझ्या ग्रुपमधलं कुणी परत येत नाही. इतक्या वर्षांत हा नियम एकदाही मोडलेला नाही, हे सांगताना काकांची छाती फुगली.

पण तो मोडायची वेळ आली होती, आणि ती काकांवरच. त्यांचा उजवा गुडघा पार झिजला होता. डॉक्टर तीन वर्षं ऑपरेशन सांगत होते आणि काका तीन वर्षं टाळत होते. "अरे, सहा महिने घरात बसलो तर तेवढ्यात ग्लेशियर आणखी मागे जाईल," हे त्यांचं कारण. निघण्यापूर्वी मुलाने बजावलं होतं, "बाबा, धिस इज द लास्ट ट्रिप." काकांनी हे आम्हाला हसत हसत सांगितलं. हसू काही फार खरं नव्हतं.

झाडीत शिरताच पाढे सुरू झाले. अस्वलाला माणसांचा आवाज ऐकू गेला की ते आपण होऊन लांब जातं, म्हणून तिथे लोक बोलत, टाळ्या वाजवत चालतात. काकांच्या ग्रुपमध्ये एकोणतीसचा पाढा म्हणतात. "आपणही लहानपणी हा ऐकला की पळायचो. अस्वल काही वेगळं नसतं," इति काका. समोरून येणारं एक गोरं जोडपं वाट सोडून आदराने उभं राहिलं. बहुधा त्यांना ती प्रार्थना वाटली.

अर्धी वाट झाली आणि काका थबकले. नाक वर करून म्हणाले, "वेलची! कुणाकडे आहे वेलची?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. आई मात्र जमिनीकडे बघायला लागली. तिच्या पर्समधून स्टीलचा डबा निघाला, आणि डब्यातून पाच बेसनाचे लाडू.

"वहिनी! हे काय?"

"अहो भाऊजी, हा सकाळी काही खाऊन निघत नाही हो," आईने मला पुढे केलं. मी बावन्न वर्षांचा आहे.

काकांनी शिट्टी फुंकली आणि भर जंगलात लाडू जागच्या जागी संपवण्याचा हुकूम सोडला. त्यांनी स्वतः दोन खाल्ले. सांडलेले कण वेचायला लावले, डबा रुमालाने तीनदा पुसून घेतला आणि कडक चेहऱ्याने म्हणाले, "बेसन उत्तम भाजलंय."

शेवटच्या चढाखाली एक मोठा सपाट दगड आहे. "पहिल्या वर्षी बर्फ इथवर होता. या दगडावर बसून माझ्या बायकोने त्याला पाय लावला होता," काका म्हणाले. काकू जाऊन आता सहा वर्षं झाली. बर्फ आता वर, चढापलीकडे निळसर चमकत होता. काकांनी काठी रोवली, दोन पावलं टाकली, आणि तिसऱ्याला गुडघ्याने साफ नकार दिला. ते दगडावर बसले. "यू ऑल गो. मी इथून लक्ष ठेवतो," असं म्हणून त्यांनी माकडटोपी उगाचच कानावर ओढली. मला फार वाईट वाटलं.

आम्ही गेलो. आईने बर्फाला हात लावला, लहान मुलीसारखी हसली. मग तिने पर्समधून रिकामा डबा काढला आणि सुटून पडलेला बर्फाचा एक तुकडा त्यात भरला. मी नियमाची आठवण करून दिली, तर म्हणाली, "गप्प बस."

खाली येऊन तिने डबा काकांपुढे उघडला. "भाऊजी, नियम म्हणजे नियम. लावा हात."

काकांनी हात लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. बर्फ हळूहळू वितळत होता आणि त्यांचे डोळेही त्याच वाटेला लागले होते. तो सगळा वितळला तेव्हा ते लंगडत शेजारच्या ओढ्यापाशी गेले आणि डबा त्यात रिकामा केला. "इथलं इथेच," ते म्हणाले. मग आईकडे वळून, "पण हे चीटिंग झालं, वहिनी. पुढच्या वर्षी मी स्वतः वर जाणार."

नोव्हेंबरात त्यांनी मुकाट्याने ऑपरेशन करून घेतलं. आता रोज घराभोवती काठीशिवाय फेऱ्या मारतात, पाढे म्हणत. शेजाऱ्यांच्या कुत्र्याने रस्ता बदललाय. बर्फ या वर्षी आणखी थोडा मागे गेलेला असेल, हे त्यांनाही ठाऊक आहे. परवा त्यांनी पुण्याला आईला फोन केला. "वहिनी, जुलैचं तिकीट काढा. आणि तो डबा आणा बरं का," म्हणाले. "या खेपेला लाडू गाडीतच संपवू."