बाबा मध्यंतरात गेले

माझे वडील भारताच्या फुटबॉल सामन्याच्या मध्यंतरात वारले. तेव्हा गोल शून्य-शून्य होते.

हे आधीच सांगून टाकतो, कारण नंतर भेटायला आलेल्या प्रत्येकाने मला 'कसे गेले' हे विचारलं आणि पाठोपाठ 'तेव्हा स्कोअर काय होता' हेही विचारलं. (दोघांनी उलट क्रमाने विचारलं. ते बाबांचे खरे मित्र.)

बाबा अंबरनाथच्या कारखान्यात फिटर होते आणि कारखान्याच्या संघात लेफ्ट बॅक. निवृत्तीनंतर फिटरकी सुटली, लेफ्ट बॅक सुटला नाही. बदलापूरला, शिरगावच्या फ्लॅटमध्ये टीव्हीसमोर बसून ते भारताची डावी बाजू सांभाळत. समोरचा खेळाडू चेंडू घेऊन त्या बाजूने आला की बाबांचा डावा पाय आपोआप पुढे जाई आणि टीपॉयवरचा चहा सांडे. सामन्याच्या दिवशी आई त्यांचा कप अर्धाच भरत असे.

मी त्यांचा एकुलता एक मुलगा आणि पेशाने ग्रंथपाल. चेंडूशी माझा संबंध एवढाच, की लहानपणी तो एकदा माझ्या चष्म्यावर आला होता. तरीही भारताचा एकही सामना मी चुकवला नाही, कारण तो चुकवू दिला गेला नाही. फार पूर्वी एकदा मी खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत पुस्तक वाचत बसलो असताना भारताने गोल केला. बाबांनी सावकाश मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत वात्सल्य नव्हतं. शोध लागल्याचा आनंद होता. तेव्हापासून भारताचा सामना असला की मी अंबरनाथहून, माझं घर सोडून, शिरगावला यायचं; त्याच खुर्चीत पुस्तक घेऊन बसायचं; पडद्याकडे बघायचं नाही आणि शेवटची शिट्टी होईपर्यंत उठायचं नाही, असा नियम झाला. संघ हरला तर मी मन लावून वाचलं नाही असा अर्थ निघे. (माझ्या बऱ्याचशा जाडजूड कादंबऱ्या आशियाई पात्रता फेरीत वाचून झाल्या आहेत.)

त्या संध्याकाळीही मी खुर्चीत होतो. मध्यंतर झालं. "लेफ्ट बॅक फार वर जातोय," असं म्हणून बाबांनी डोळे मिटले. मला वाटलं, वैतागले. हातातलं पान संपवून मी त्यांना चहा विचारला. उत्तर आलं नाही म्हणून उठलो, खांद्याला हात लावला, आणि मग धावत खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना घेऊन आलो. टीव्ही बंद करायचं कुणालाच सुचलं नाही. डॉक्टर बाबांची नाडी बघत असताना उत्तरार्ध सुरू झाला. त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, आणि त्याच क्षणी पडद्यावर आपल्यावर गोल झाला. डॉक्टरांनी पुन्हा मान हलवली. दोन्ही वेळा अगदी सारखीच! पहिल्यांदा ती नेमकी कशासाठी हलवली होती, या शंकेत माझी काही सेकंदं गेली. तेवढ्या काही सेकंदांत मला आशा होती.

म्हात्रेकाका तासाभरात आले. ते त्याच संघाचे राइट बॅक. बाबांच्या उजव्या बाजूला आयुष्यभर उभे राहिलेले. बाबांच्या पायाशी बसून रडले. डोळे पुसताना टीव्हीकडे लक्ष गेलं, स्कोअर दिसला, आणि पुन्हा रडले. दुसऱ्यांदा आवाज थोडा मोठा होता असं आईचं आजही मत आहे.

खरी गंमत (तिला गंमत म्हणायला मला बरेच महिने लागले) दहाव्याला झाली.

उल्हास नदीच्या घाटावर सगळे विधी झाले. पिंड मांडले, नमस्कार झाले आणि आम्ही मागे सरून कावळ्याची वाट बघू लागलो. कावळा आला. समोरच्या करंजाच्या फांदीवर बसला, पिंडाकडे पाहिलं, आणि चोच पंखात खुपसून अंग खाजवू लागला. आमच्या आधीच्या कुटुंबाचा कावळा तर पिंड ठेवणारा हात मागे यायच्या आत जेवून गेला होता! ती मंडळी आता टॉवेल पिळता पिळता आमच्याकडे सहानुभूतीने बघत होती. आईने सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं, आणि कावळा शिवल्याशिवाय घेणार नव्हती. उन्हात तिचा चेहरा उतरत चालला होता. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

गुरुजी तरुण होते. त्यांना पुढे अंबरनाथला दुसरं दहावं होतं. गेलेल्याची इच्छा राहिली असेल, काही शब्द द्या, असं ते म्हणाले. मी हात जोडून आईला सांभाळीन म्हणालो. कावळ्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. (आईनेही, असं मला वाटून गेलं.) बाबांची सायकल विकणार नाही म्हणालो. कावळ्याने पाठ फिरवली.

"मास्तर," म्हात्रेकाका माझ्या कानाशी लागले. पुस्तकं वाचतो म्हणून ते मला मास्तर म्हणतात. "तुझा बापूस निकाल न कळता गेलाय. त्याला निकाल सांग."

मला धक्काच बसला. पण त्याहून मोठा धक्का म्हणजे जमलेल्या सगळ्यांना ते पटलं. फक्त लछूशेठनी हरकत घेतली. लछूशेठचं उल्हासनगरला खेळाच्या कपड्यांचं दुकान आहे, आणि कारखान्याच्या संघाला जर्सी तेच पुरवत. (तिचा रंग घामाने इतका उतरे, की उत्तरार्धात आपला कोण हे चेहऱ्यावरूनच ओळखावं लागे.) काखेतलं तेलकट कागदाचं पुडकं सावरत ते म्हणाले, "अरे साईं, हरलो असं कसं सांगणार? दहाव्याच्या दिवशी? दिल तुटेल त्यांचा. जिंकलो म्हण."

मी आयुष्यात प्रथमच एका कावळ्याशी खोटं बोललो. आपण जिंकलो, असं मोठ्याने म्हटलं. कावळा उडाला आणि आणखी वरच्या फांदीवर जाऊन बसला.

"बघितलंस?" म्हात्रेकाका म्हणाले. "हा तोच. त्याला आपली टीम माहितीय."

मग मी खरं सांगितलं: एक-शून्यने हरलो, गोल उत्तरार्धाच्या सुरुवातीला झाला. कावळा एक फांदी खाली आला. घाटावर कुजबुज थांबली. मी विवेकवादी माणूस आहे, भाषणंही देतो. पण त्या क्षणी मला त्या पक्ष्याच्या मानेत बाबांची मान दिसली.

आता त्याला कारणं हवी असणार, असं सर्वानुमते ठरलं. आणि माझ्या वडिलांच्या पिंडाभोवती, पुढचा बराच वेळ, भारतीय फुटबॉल संघाची जी चर्चा झाली ती मी कितीही सभ्य शब्दांत लिहिली तरी विश्वास बसणार नाही. म्हात्रेकाकांच्या मते दोष लेफ्ट बॅकचा. तो पुढे धावतो आणि परत यायचं विसरतो. लछूशेठच्या मते दोष कोचचा. बाहेरचा कोच आणायचा आणि त्याला आपली पोरं ओळखायला लागली की घालवायचा, हा काय धंदा आहे? शेजारच्या कुटुंबातले, ताजं डोकं केलेले एक गृहस्थ, मांजर्लीचे, ओल्या धोतरानेच पुढे आले आणि मुळात निवडच चुकते, क्लबात बाकावर बसणाऱ्याला देशासाठी उभं करतात, असं म्हणाले. त्यांच्या मागे त्यांचं अख्खं कुटुंब आलं. पुरेसा स्ट्रायकरच नाही यावर दोन्ही शोकाकुल कुटुंबांचं एकमत झालं. गुरुजी इतका वेळ गप्प होते. मग त्यांनी दर्भाची काडी घेतली आणि वाळूत चार-चार-दोनची रचना काढून दाखवली. मधली फळी रिकामी राहते, हे त्यांनी तिळांनी समजावलं.

कावळा फांदीवर बसून प्रत्येक बोलणाऱ्याकडे आळीपाळीने बघत होता. उतरत मात्र नव्हता.

शेवटी गुरुजींना अंबरनाथची आठवण झाली. दर्भाचा कावळा करून शिवू, शास्त्रात सोय आहे, असं त्यांनी सुचवलं. आई सकाळपासून पहिल्यांदा बोलली.

"नको. खोटी पेनल्टी त्यांना कधी चालली नाही."

म्हात्रेकाका माझ्याकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत ती जुनी, बाबांची, शोध लागल्याची नजर होती.

"मास्तर, एक सांग. गोल झाला तेव्हा तू खुर्चीत होतास?"

"नव्हतो."

"उठलास कधी? गोलाच्या आधी, की नंतर?"

"काका, बाबा गेले होते."

"ते ठाऊक आहे रे. पण आधी, की नंतर?"

"आधी," मी म्हणालो.

दोन्ही कुटुंबांतून एक सुस्कारा निघाला. मांजर्लीच्या गृहस्थांनी नापसंतीने मान हलवली. खुर्चीचा नियम त्यांना कुणीतरी भराभर समजावून दिला होता. लेफ्ट बॅक सुटला, कोच सुटला, निवड समिती सुटली. भारत माझ्यामुळे हरला होता! आणि सांगायला लाज वाटते, पण मलाही ते क्षणभर पटलं.

मी पुढे झालो, हात जोडले आणि म्हणालो, "बाबा, भारताचा प्रत्येक सामना मी शिरगावला येऊन बघीन. त्याच खुर्चीत. संपेपर्यंत उठणार नाही."

"पुस्तक नाय," म्हात्रेकाकांनी मागून घातलं. "डोळं पडद्यावर."

"पुस्तक नाही," मी म्हणालो.

लछूशेठ गहिवरून पुढे आले, पिंडासमोर वाकले, आणि बराच वेळ वाकून राहिले. ते बाजूला झाले मात्र, कावळा करंजावरून दगडासारखा खाली आला आणि पिंडावर तुटून पडला. घाटावर कुणीतरी टाळ्या वाजवल्या. आईने डोळे मिटून पाणी मागितलं. माझी सगळी भाषणं त्या नदीतून वाहून जाताना मी पाहिली.

घरी आल्यावर आई जेवायला बसली. मी स्वयंपाकघरात तिच्याजवळ बसलो आणि बाबांनी माझं ऐकलं, असं काहीसं बोलू लागलो. आई ताटाकडे बघत म्हणाली, "लछूभाऊंनी पकवान ठेवलं पिंडावर. मीच सांगितलं होतं आणायला."

दाल-पकवान ही बाबांची सामन्याच्या दिवशीची न्याहारी होती; तळलेलं कुरकुरीत पकवान लछूशेठच उल्हासनगरहून धाडत. ते तेलकट पुडकं मला आठवलं.

"इतकी वर्षं मीच वाढलंय त्यांना," आई म्हणाली. "नुसत्या भाताला कधी हात लावला होता त्यांनी?"

"अगं, मग ते आधीच ठेवायचं ना. मी सगळ्यांसमोर शब्द देऊन बसलो."

आईने भाताचा घास कालवला.

"मॅच असली की तू यायचास," ती म्हणाली. "आता कशाला आला असतास?"

मी तिच्या ताटात आणखी भात वाढला.

तेव्हापासून मी येतो. डोळे पडद्यावर. एका बाजूला म्हात्रेकाका, दुसऱ्या बाजूला लछूशेठ, समोर पकवान. आई मधूनच दारात उभी राहून कोण किती ओरडतंय ते बघते. सुरुवातीला मी घड्याळ बघत बसायचो. मग नावं कळली. मग, कसं ते माहीत नाही, मतं झाली. मधली फळी रिकामी राहते हे आता मला तिळांशिवाय दिसतं. परवा आपला लेफ्ट बॅक असाच वर गेला होता, त्यांचा पोरगा चेंडू घेऊन त्या मोकळ्या बाजूने सुटला, आणि मला काही कळायच्या आत माझा डावा पाय पुढे गेला. टीपॉयवरचा कप आडवा झाला.

फार सांडलं नाही. आईने तो अर्धाच भरला होता.

सामना आपण हरलो. म्हात्रेकाकांचं म्हणणं, पाय मी उशिरा टाकला.