दांडीचा दगड आणि दोन पॉइंटचा नकाशा

दिवाळी झाली की आमचं घर काथ्याने दार बांधून वीटभट्टीवर निघायचं. डोंगरातली एक एकर हलकी, वरकस जमीन चार महिने पोसायची, बाकीचे आठ महिने भट्टी. एक खाणारं तोंड कमी व्हावं म्हणून मला आश्रमशाळेत टाकलं. तिथून मी सिव्हिल इंजिनियर झालो. हे मुद्दाम सांगतोय, कारण बोईसरच्या ऑफिसात माझे साहेब माझी ओळख "हा कोट्यातला" अशी करून द्यायचे.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. ऑफिसात पेंटियम कॉम्प्युटर आला होता. साहेब त्याच्यावरची धूळ स्वतःच्या रुमालाने पुसायचे. काम होतं जवळच्या दांडी या किनाऱ्यावरच्या गावातलं पावसाचं पाणी खाडीत नेणाऱ्या काँक्रीटच्या नाल्याचं. आधी जुना गावनकाशा स्कॅन करायचा, मग तो कॉम्प्युटरवरच्या नाल्याच्या मॉडेलमध्ये पार्श्वभूमी म्हणून घालायचा. पण चित्र म्हणजे नुसतं चित्र. नकाशावरचा हा ठिपका जमिनीवर नेमका कुठे, हे सॉफ्टवेअरला सांगावं लागतं. त्याला जिओरेफरन्सिंग म्हणतात.

साहेबांनी दोन ठिपके दिले: किनाऱ्यावरचा शिवेचा दगड आणि रस्त्यावरच्या मोरीचा कोपरा. नकाशा टुणकन बसला. मी गंमत म्हणून नकाशातली सार्वजनिक विहीर तपासली. ती सर्व्हेत मोजलेल्या शाळेच्या वर्गात निघाली.

"साहेब, तिसरा पॉइंट घेऊ या."

"एरर आली का स्क्रीनवर?"

"नाही."

"मग कॉम्प्युटरपेक्षा तुला जास्त कळतं का? जुना कागद आहे, ताणला असेल."

दोन पॉइंटवर एरर येतच नाही. नकाशा फिरवून, ताणून सॉफ्टवेअर तो बसवतंच. पण साहेबांपुढे बोलणार कोण! माझी नोकरी तेव्हा कायम झालेली नव्हती.

दांडीत आखणी सुरू झाली. नकाशात नाला सरकारी गल्लीतून जात होता. जमिनीवर फक्कीची पांढरी रेघ गल्लीशेजारच्या कोळीण काशीबाईंच्या अंगणातून गेली, बरोबर बोंबील सुकवायच्या बांबूच्या मांडवाखालून. त्या मांडवावर त्यांचं घर चालायचं.

"काय रे भाऊ, गल्ली तिकडं हाय ना? तुमच्या कॉम्प्युटरला डोळे नाय काय?"

"मावशी, त्या शिवेच्या दगडापासून मोजलंय."

त्या पोट धरून हसल्या. "होडी बांधलीय तो? तो तर आमीच उचलून आनला! खाली लाटा खात व्हत्या त्याला. आनि होडीला खुंटा पायजे व्हता."

"कधी?"

"माजा पोरगा रांगत व्हता तवा. आता त्यालाच दोन पोरं हायत."

आमच्या सर्व्हेवाल्यांनी तो दगड सेंटिमीटरपर्यंत अचूक मोजला होता. दगडाला बांधलेली होडी एकालाही दिसली नव्हती.

"मूळ जागा दाखवाल?"

"ओहोटीला ये. चुन्याचा चौथरा हाय अजून."

ओहोटीला गेलो. दगडापासून दक्षिणेला, खाली साठ पावलांवर चौथरा निघाला, वर कालवं चिकटलेली. सर्व्हेवाल्यांकडून तो आणि विहीर मोजून घेतली. ऑफिसात येऊन, साहेबांना न विचारता, मोरी आणि विहीर घेऊन नकाशा पुन्हा बसवला आणि चौथऱ्यावर तपासला. नकाशातला शिवेचा दगड हातभर फरकाने चौथऱ्यावर आला. नाला गल्लीत गेला. तो नकाशा मी पहिल्याशेजारी साहेबांच्या टेबलावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी मंजुरी देणारे अधिकारी आले. साहेब दोन्ही नकाशे पसरून म्हणाले, "तिसरा पॉइंट हवाच. मी पोरांना नेहमी सांगतो."

"मग पहिल्या नकाशात का नाही?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "तेव्हा साहेबांनी दोनच दिले होते."

त्यानंतर महिनाभर साहेब माझ्याशी शिपायामार्फत बोलले. काम मात्र मलाच देत राहिले, कारण दुसऱ्या कुणाला ते येत नव्हतं. तेव्हापासून मी एवढंच पाळतो: नकाशा दोन पॉइंटवर बसवावा, पण विश्वास तिसऱ्यावर ठेवावा. आणि तो तिसरा गावातल्या माणसाला विचारून घ्यावा.

नाला गल्लीतूनच बांधला गेला. काशीबाईंचा एक बांबूसुद्धा हलला नाही. सहा महिन्यांनी मी नोकरीत कायम झालो आणि त्या वर्षापासून माझे आईबाप भट्टीवर गेले नाहीत.