बारा सेकंदांचं उड्डाण

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत मी कॉलेज सुटल्यावर संगणक शिकायला जायचो. शेजारच्या टेबलावर एक ताई संगणकात डोंगर उभे करायच्या. मला ते नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे. नकाशावरून जागोजागची उंची त्या टाइप करायच्या आणि मग तळहाताचं विमान करून खोलीभर फिरायच्या. "वर, वर... आता वळ रे बाबा!" संगणक एक चित्र दहा मिनिटांत काढायचा. ताई श्वास रोखून पडद्याचा फोटो घ्यायच्या. तेवढा वेळ आम्ही चालायचंही नाही. अशी तीनशे चित्रं जोडली की बारा सेकंदांचं उड्डाण.

फिल्म धुऊन आली, तर दरीच्या मधोमध एक भलताच सुळका! उंचीत एक शून्य जास्त पडलं होतं; सुट्या चित्रांत तो डोंगरांतलाच एक वाटला होता.

"झकास दिसतोय, राहू दे ना," तिथले साहेब म्हणाले. "सोमवारी गिऱ्हाईक पार्टी बघायला येतेय."

"पण तो तिथे नाहीच, सर," ताई म्हणाल्या. "त्या दरीत माझं गाव आहे."

"अहो, कळणार कुणाला?"

"माझ्या आईला."

सुळक्याची दीडशे चित्रं त्यांनी चार दिवसांत पुन्हा काढली.

सोमवारी पार्टी आली आणि भिंतीवर फिल्म सुरू झाली. आता दरी मोकळी होती. विमान कड्यावरून थेट खाली झेपावलं आणि मी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. पाहतो तर साहेबांनीही घेतलेले! ताई भिंतीकडे बघतच नव्हत्या. आमच्या पायांकडे बघून त्या हसत होत्या.