मंत्री दोस्ताचा कडू घास

माझ्याच गावात, दिंद्रुडात, मला रशियाचा डॉक्टर म्हणायचे. डॉक्टरकी तिकडं शिकलो, एवढंच. पण लोक खोकल्याची बाटली मागतानाही "रशियाची द्या" म्हणणार. बायको पोरांच्या शाळेसाठी अंबाजोगाईला, मी दवाखान्याच्या मागच्या खोलीत. संध्याकाळी पेशंट संपले की बोलायला चिटपाखरू नसायचं. एकटं राहण्याचं कौतुक करणाऱ्यांची मला चीड येते. मला ते अजिबात सोसत नव्हतं.

आणि सांगण्यासारखं तर माझ्याकडं लई होतं. तिकडं हॉस्टेलात माझ्या खोलीत राहणारा, अर्थशास्त्र शिकणारा पोरगा आता मंत्री झाला होता. सोव्हिएत संघ मोडून जे देश निघाले, त्यातल्या एका लहानशा देशाचा. आमच्याकडं एसटीडीचे बूथ आणि रंगीत टीव्ही नुकते येत होते, तेव्हा तिकडं तो सरकारी दुकानं मोडून लोकांना आपापली काढू देत होता. भाव भडकले, लोकांनी शिव्या घातल्या, खुर्ची गेली. पुढं निवडून परत आला. हे सगळं मी पेपरच्या आतल्या पानांवरून गोळा केलेलं. बूथ उघडला तेव्हा वाटलं, फोन लावावा. पण नंबर कुठला लावणार?

हॉस्टेलात तो माझ्या आईची शेंगदाण्याची चटणी काळ्या पावाला लावून खायचा. डोळ्यांतून पाणी यायचं, तरी खायचा. आणि विचारायचा, तुझ्या गावात दुकान काढायला कुणाकुणाला विचारावं लागतं? मी शेजारच्या आप्पांचं सांगायचो. सकाळी कपाळाला भस्म लावलं, ओट्यावर फळी टाकली की झालं दुकान सुरू. ही गोष्ट तो मला पुन्हा पुन्हा सांगायला लावायचा.

आप्पांना हे सांगितलं तर ते हसून बेजार. "रशियाचा मंत्री माज्या दुकानाची चौकशी करतोय, आन् आपला ग्रामसेवक मला वळखत न्हाई." मग पारावर सगळ्यांना तोच विषय. साखर महागली की, "डाक्टर, तुमच्या मंत्र्याला कळवा." मी सांगणंच सोडलं. मला काय मिरवायचं होतं का? कुणीतरी एकदा म्हणावं, व्हय, त्यो तुमचा दोस्त हाय. एवढंच पाहिजे होतं.

मग एके दिवशी पेपरात दोन ओळी आल्या. हृदयविकारानं गेला. दुपारपर्यंत कसेबसे पेशंट पाहिले आणि दार लावून घेतलं. आप्पांनी हाक मारली, "कावून बंद केलं?"

"माझा दोस्त वारला, आप्पा. तो मंत्री."

ते निघून गेले. मला वाटलं, झालं, आता पारावर नवा विनोद.

दिवेलागणीला ते आले. हातात झाकलेलं ताट, त्यात पिठलं-भाकरी. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी कडू घास घेऊन येतात, ही आमच्याकडची रीत. पण परमुलखात मेलेल्या माणसाचा कडू घास गावात कुणी आणला नव्हता.

"माज्या दुकानाची इचारपूस करनारा मानूस गेला," ते म्हणाले. "न्हाई यिऊन कसं चालंल?"

खाली बसले आणि सगळे विचारतात तसंच विचारू लागले.

"आजारी व्हते का?"

"न्हाई. अचानक गेला."

"वय?"

"माझ्याएवढं."

"मागं कोन हाय?"

मी आठवू लागलो. त्यानं कुठले भाव मोकळे केले, त्याला मंत्रिमंडळातून कधी काढलं, सगळं मला पाठ होतं. पण बायको होती का? लेकरं? आई जिवंत आहे का? मला काहीच माहीत नव्हतं.

"म्हाईत न्हाई, आप्पा."

आता हसतील असं वाटलं. त्यांनी भाकरी मोडली आणि माझ्यापुढं धरली.

"मंग तुमी हाव की. खावा."

पहिल्याच घासाला मला रडू फुटलं. माझं जेवण होईपर्यंत आप्पा उठले नाहीत.