शालनबाईंची साडी आणि गवताचा रंग

साक्षीची होणारी सासू दारात उभी होती आणि मी कोपरापर्यंत निळी होते.

"आजी, हातांना काय झालं?" शालनबाईंनी विचारलं.

"नीळ," मी म्हटलं. (खोटं निघालं, पण निदान रंगाला जुळणारं निघालं.)

"आणि माझी साडी?"

मी पायाने बाथरूमचं दार लोटलं. साडी आत बादलीत होती. पांढरी, सुती, आमच्या बौद्ध लग्नात नवरी नेसते तशी. म्हणजे सकाळपर्यंत पांढरी! शालनबाई ती स्वतःच्या लग्नात नेसल्या होत्या आणि येत्या रविवारी माझी नात साक्षी तीच नेसून लग्नाला उभी राहणार होती. साडी जरा पिवळट पडली होती. त्या लॉन्ड्रीत देत होत्या. मीच पुढे पुढे केलं. "लॉन्ड्री कशाला? माझ्या हातची नीळ बघा. दुधासारखी करून देते!" कुणी विचारलं होतं मला? कुणीही नाही.

हा सगळा माझ्या मुलाच्या हुशारीचा प्रसाद. मिलिंद आमच्या नाहूरच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. (पगार शून्य, रुबाब कलेक्टरचा.) बिल्डिंगमागचं गवत मारायचं त्याने मनावर घेतलं. पण औषध पाण्यासारखं, कुठे मारलं ते दिसत नाही. म्हणून त्यात मिसळायला त्याने निळा रंग मागवला. निळं दिसलं की समजायचं, इथे मारून झालं. औषध साहेबांनी कुलपात ठेवलं. रंगाची बाटली कुठे? वॉशिंग मशीनवर, साबणाच्या शेजारी! लेबल इंग्रजी, माझी शाळा चौथीपर्यंत. निळी बाटली साबणाशेजारी म्हणजे नीळ, एवढं चौथीत कळतं.

निळीचे थेंबच पुरतात. मी झाकण भरून ओतली. साडी विहिणीकडची, कंजूषपणा कशाला!

साडी बुडवली आणि वर काढली ती शाळेच्या दौतीतून काढल्यासारखी. पाणी बदललं, निळीच. परत बदललं, निळीच. बाथरूमची लादी रंगेल म्हणून बादल्या मागच्या गॅलरीतून खाली गवतावर रिकाम्या केल्या. (डोकं चालतं माझं अशा वेळी.) तेवढ्यात बेल वाजली. शालनबाई उद्या येणार होत्या, आज आल्या.

त्यांच्या पाठोपाठ मिलिंद जिना चढून आला, खुशीत. "आई, कमाल झाली! वॉचमनने माझ्याआधीच औषध मारलं. मागे सगळं निळंशार! मी पंप धुऊन ठेवून दिला."

मग त्याने माझे हात पाहिले.

"आई, तू मशीनवरची बाटली..."

"नीळच होती ना ती?"

"गवताचा रंग होता तो!"

शालनबाई बाथरूममध्ये गेल्या. साडी दोन बोटांनी उचलली. निळं पाणी टपटपत होतं.

"निळ्या रंगाशी आमच्या घरात कुणाचं वाकडं नाही, आजी," त्या म्हणाल्या. "पण नवरी पांढऱ्यात उभी राहते."

साक्षी आतून धावत आली. "आजी, वाट लावलीस तू! आता माझं लग्न मोडणार!"

मी हात पाठीमागे लपवले, तर गाऊनला पाठीवर पंजे उमटले.

"मोडतंय कसलं?" शालनबाई शेवटी म्हणाल्या. "हॉल बुक आहे. पण माझी एक अट आहे."

मिलिंदचा चेहरा पडला. आता काय मागतात? गाडी?

"लग्नघरातल्या एकाही कपड्याला आजींनी हात लावायचा नाही."

"उन्हात तो रंग उडतो म्हणे," मिलिंदने तोंड उघडलं. साडी गच्चीत दोरीवर टाकली. ऊन लागलं तिथला रंग उडाला, घडीत राहिला तिथला बसला. पट्टेच पट्टे! साक्षीला नवी पांढरी साडी आली आणि पट्ट्यांची साडी शालनबाई स्वतः नेसून हॉलभर फिरल्या. प्रत्येक पाहुण्याला माझ्याकडे बोट दाखवून सांगत होत्या, "डिझाइन ह्या आजींचं!" दोघी बायकांनी मला दुकानाचा पत्ता विचारला. मी फोटोभर हात पदराखाली धरून उभी.

साक्षीचं लग्न वाचलं. मी वाचले. आणि ज्याला मारायला एवढा खटाटोप केला, ते गवत लग्नाच्या गडबडीत औषधावाचून राहिलं आणि माझ्या बादल्या पिऊन गुडघ्याएवढं झालं आहे.