बाल्कनीची केबिन

सिंगापूरच्या मरीन परेड भागातल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या छपराखाली, रोज सकाळी ते कॉफी घेत बसलेले दिसत. जहाजावरून निवृत्त झालेले मराठी चीफ इंजिनिअर. नाव मी कधी विचारलं नाही. टेबलावर पंजा पालथा ठेवायची सवय, जणू खाली इंजिन चालू आहे.

एके दिवशी त्यांच्यासमोर अलास्का क्रूझचा नकाशा होता. "तिकडे चारदा गेलोय, पण कायम इंजिनरूममध्ये. बर्फ पाहिलाच नाही. या खेपेस बाल्कनीची केबिन घेतलीय, दोघांसाठी."

ते परतल्यावर मी विचारलं, "काका, कशी होती हिमनदी?"

"बायको म्हणते, फार सुंदर." ते ओशाळून हसले. "रेलिंगवर हात ठेवला, तर इंजिनची थरथर जरा वेगळी लागली. डोळे मिटून ऐकत राहिलो. उघडले, तोवर जहाज वळलं होतं."

पंजा अजून टेबलावरच होता.