कुसुमावतीबाईंनी गुंडावर शिवलेली जर्सी

तांडापेठेतल्या कुसुमावतीबाईंना सुताबद्दल कोणी चार गोष्टी सांगायला गेलं, की त्या नुसत्या हसायच्या. आणि ते हसू असं, की समोरच्याला वाटावं आपण सदरा उलटा घालून आलो की काय. उमरेडच्या कोष्ट्याच्या घरातला जन्म. सहाव्या वर्षी मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसल्या आणि पंधराव्या वर्षी नागपुरात नत्थूजींच्या घरी आल्या, त्या एका मागाजवळून उठून दुसऱ्या मागाजवळ बसल्या, एवढाच काय तो फरक. डोळे मिटून दोरा चिमटीत फिरवला की तो किती नंबरचा ते सांगायच्या. सांगितल्यावर बाजूला बघायच्या, कोणी ऐकलं की नाही. नाही ऐकलं तर पुन्हा सांगायच्या.

खिडकीजवळ एक शिवणयंत्रही होतं. आळीतलं जे जे फाटेल ते तिथे यायचं, आणि बाई ते असं सांधायच्या की फाटलं कुठं होतं ते खुद्द मालकालाच सापडत नसे. नत्थूजी म्हणायचे, "हिच्या हातचा टाका पाह्याचा असंल तं भिंग घिऊन या गा."

मग आला चौऱ्याहत्तरचा हिवाळा, आणि शेजारच्या गोपाळरावांची जया.

जया कॉलेजात जाणारी, उंच, काटक पोरगी. पोरींच्या कबड्डी मंडळात तिच्यासारखी चढाई करणारी दुसरी नव्हती. गोपाळराव कचेरीत कारकून. घरात मोजकं बोलत, पण जे बोलत ते फायलीत लागल्यासारखं पक्कं. त्यांनी मुलीला खेळू दिलं होतं, हेच आळीला नवल होतं. पण एका रविवारी भर सामन्यात कोणाच्या तरी मुठीत जयाची जर्सी आली. नियमात कापड धरायचं नाही, पण खेळताना हातात जे येईल ते माणूस धरतंच. जर्सी खांद्यापासून काखेपर्यंत उसवली. मंडळाच्या शोभाताई शाल घेऊन धावल्या म्हणून निभावलं. तोवर भोवतालची माणसं हसली होती, आणि ते हसणं गोपाळरावांनी आपल्या कानांनी ऐकलं होतं.

घरी येऊन ते एवढंच म्हणाले, "पुन्हा एकडाव जर्सी फाटली, का कबड्डी बंद. मंग माझ्याशी बोलाचं नाही."

दुसऱ्या दिवशी जया जर्सी घेऊन कुसुमावतीबाईंच्या दारात.

"काकू, येत्या रविवारी फायनल हाय. अशी शिवून द्या, का बैलानं ओढली तरी फाटली नाही पाह्यजे."

"बैलासंगं खेळते का वं तू?"

"तुम्ही पाहा तं खरं एकडाव आमचा खेळ. बैल बरे!"

बाई हसल्या. तेच ते हसू. "ठेव तिथं. उद्या ने."

बाजारातून आणलेली तयार जर्सी ती. बाईंनी तिची मूळची शिवण बघून नाक मुरडलं, जाड दोरा ओवला आणि यंत्रावर दोन-दोन टिपा मारल्या. संध्याकाळी अंगणात परीक्षा. एका बाजूनं नत्थूजी, दुसऱ्या बाजूनं जया. ओढली मात्र, तट तट तट करत दोन्ही टिपा तुटल्या. कापडाला काहीच झालं नाही. नत्थूजी हातातल्या बाहीकडे बघत उभे.

"काहून वं, दोरा जुना होता का?" त्यांनी अगदी साळसूदपणे विचारलं.

त्या रात्री नत्थूजींना वरणात मीठ जरा जास्त लागलं. त्यांनी मुकाट्यानं खाल्लं.

आता बाई इरेला पेटल्या. दोऱ्यानं होत नाही ना, मग पट्टीनं होईल. घरच्या मागावरच्या लुगड्याचा काठ म्हणजे किती घट्ट वीण! त्याच्या बोटभर पट्ट्या कापल्या आणि खांदा, बाही, दोन्ही कुशी, सगळ्या शिवणींना आतून लावून टाकल्या. पुन्हा ओढून पाहिली. हलेना, डुलेना. बाईंनी पाण्याच्या नळावर जाऊन सगळ्यांना सांगितलं, की आता ही जर्सी जयाच्या नातीसुद्धा घालतील.

शुक्रवारी जया सरावाहून आली ती रडतच. शिवण जागची हलली नव्हती. तिच्या लगतचं कापडच फाटलं होतं, आणि काखेपासून कमरेपर्यंत फासे सुटत शिडीसारखी उभी रेघ उतरली होती.

"बाबांनी पाह्यलं नाही अजून," जया म्हणाली. "मंडळात आता जास्तीची एकच जर्सी उरली, काकू. अन् परवा फायनल हाय."

यावर बाई हसल्या नाहीत. तीस वर्षं सुतात गेलेली बाई, आणि सुतानंच तोंडावर पाडलं. त्यांनी एवढंच म्हटलं, "उरलेली आणून दे. अन् ही फाटकी माझ्यापाशीच राहू दे."

शनिवारी सकाळी चूल पेटवायच्या आधी त्या फाटकी जर्सी घेऊन उन्हात बसल्या. एक सुटा दोरा दिसला, तो ओढला. तो आला. आणखी ओढला, आणखी आला. एक अख्खी ओळ गेली, मग दुसरी, मग तिसरी. मांडीवर वळ्यावळ्यांच्या दोऱ्याचा ढीग आणि हातातलं कापड कमी कमी होत चाललेलं. बाईंचे हात थांबले.

"अहो! इकडं या पटकन."

नत्थूजी मागावरून उठून आले. "काय झालं?"

"याले ताना नाही."

"काही सांगू नको."

"पाहा ना तुमच्या डोळ्यानं! उभा धागा नाही, आडवा नाही. एकच दोरा हाय हो सारा. एक फासा दुसऱ्याच्या गळ्यात, दुसरा तिसऱ्याच्या. हात धरून उभे हायत नुसते."

नत्थूजींनी कापड उजेडात धरलं. ताणलं, तसे ते बारके बारके फासे आडवे झाले. सोडलं, तसे उठून पुन्हा जागच्या जागी. पुन्हा ताणलं. पुन्हा सोडलं. दोघं नवराबायको, दोघांचे आजे-पणजे मागावर गेलेले, आणि गल्लीतल्या कोणत्याही पोट्ट्याच्या अंगात दिसेल अशा त्या कापडाकडे जत्रेत आल्यासारखी बघत बसली.

"आपलं कापड ताठ राह्यते," नत्थूजी हळूच म्हणाले. "हे तं श्वास घेते वं."

बाई एकदम उठल्या. "मंग मी त्याचा श्वासच कोंडून टाकला होता ना! कुशीत पट्टी लावून!"

त्यांनी पाण्याचा पितळी गुंड घेतला, पाणी बादलीत ओतलं, गुंड कोरडा पुसला आणि जयानं आणून दिलेली नवी जर्सी त्याच्या पोटावर चढवली. कुशीचं कापड तट्ट ताणलं गेलं. मग त्या ताणलेल्या कापडावरच हातानं टाके घालायला बसल्या, त्याच उसवलेल्या दोऱ्यानं. एक टाका पुढं, अर्धा मागं. नत्थूजींना काही उमगेना. शिवण संपली, जर्सी गुंडावरून उतरवली. कापड आखडलं, आणि शिवणीतला दोरा आत सैल, आरामात पडून राहिला. आता कापड ताणलं की दोराही त्याच्यासोबत लांब व्हायला मोकळा. खांद्यावर मात्र काठाची पट्टी लावलीच, फक्त खांद्यावर. "सारं अंग लवू दे," बाई म्हणाल्या, "पण खांदा लवला तं गळा लोंबते."

त्या दिवशी घरात पाणी उशिरा भरलं, स्वयंपाक त्याहून उशिरा. नत्थूजी मीठ चाखायच्याही भानगडीत पडले नाहीत.

रविवारी मैदानावर ही गर्दी! गोपाळराव दोरीजवळ हाताची घडी घालून उभे. कुसुमावतीबाई आयुष्यात पहिल्यांदा कबड्डी बघायला आलेल्या. कोणाचे किती गुण झाले ते त्यांना विचारू नका. त्या फक्त एका खांद्याकडे आणि एका कुशीकडे बघत होत्या.

शेवटची पाच मिनिटं राहिली. जया चढाईला गेली. समोरच्या तिघींनी तिला घेरलं. एकीनं कंबर धरली, ती सुटली. दुसरीच्या मुठीत जर्सीची कूस आली. जया मधल्या रेषेकडे झेपावली आणि मागून ती पोरगी जर्सीला लटकली. कापड हातभर लांब झालं. खरंच, हातभर! शोभाताईंनी शाल हातात घेतली. गोपाळरावांची घडी सुटली. कुसुमावतीबाईंनी तोंडावर पदर धरला, पण डोळे मिटले नाहीत. ताणलेल्या कुशीवर त्यांना आपले टाके दिसत होते, एकेक वेगळा, मुंग्यांची रांग लांबावी तसे लांबत चाललेले. आणि एकही तुटत नव्हता.

जयाची बोटं रेषेला लागली. त्या पोरीची मूठ सुटली. आणि कापड सपकन जयाच्या अंगाला येऊन बसलं, जसं काही झालंच नव्हतं.

मग जो गलका उठला! कुसुमावतीबाई मात्र आपल्याच हातांकडे बघत राहिल्या, जशी कोणाची तरी मागून आणलेली वस्तू.

सामना संपल्यावर जया शाल पांघरून आली. पोरी जिंकल्या होत्या, हे बाईंना आत्ता कळलं. गोपाळराव पुढे आले. त्यांनी जर्सीची कूस चिमटीत धरली, ताणली, सोडली. पुन्हा ताणली.

"वहिनी, हे काय हाय?"

"शिवण हाय, भाऊजी. तुमच्या कचेरीत नाही भेटत."

नत्थूजी खोकले. गोपाळरावांना हसू आलं, ते त्यांनी मिशीत लपवलं. मग मान वळवून त्यांनी मैदानाकडे पाहिलं. बाकीच्या सहा पोरी एकमेकींच्या गळ्यात पडून नाचत होत्या. एकीची बाही उसवली होती, ती तिनं दुसऱ्या हातानं दाबून धरली होती आणि तशीच नाचत होती. गोपाळराव बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले.

"हिच्या एकटीच्या जर्सीनं काय होते?" ते म्हणाले. "त्याही कोणाच्या पोरीच हायत ना. त्याईच्या शिवून द्याल?"

"देईन ना. पण घामाच्या नोका आणू माझ्या घरी. धुऊन आणा."

आणि ज्या माणसानं जन्मात आपला रुमाल धुतला नव्हता, तो दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत जायच्या आधी अंगणातल्या दोरीवर सहा जर्स्या वाळत घालत होता, एकेक झटकून, बाह्या सरळ करून. तांडापेठेतली अर्धी आळी हातातली कामं टाकून बघत उभी होती.